सोळाशे केल्विन आणि चार अंश: ग्राफीन प्रकल्पाच्या नोंदी

५ डिसेंबर २०२४, गुरुवार, सांगली

विषय पक्का झाला. ग्राफीनवर, म्हणजे कार्बन अणूंच्या एकाच थराच्या पत्र्यावर, प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन उत्तेजित होतात. ती जादा ऊर्जा ते कुणाला देतात, किती वेळात देतात आणि कुठे अडकतात, हे मला बघायचं आहे. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे आणि फेब्रुवारीअखेर पोस्टर लावायचं आहे.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "अगं, फेम्टोसेकंद लेसर आपल्याकडे नाही आणि येणारही नाही. पण गणित करायला कोण अडवतंय?" म्हणजे हा प्रकल्प लॅपटॉपवरचा. वही, पायथन आणि ग्रंथालयातली संध्याकाळ. मला चालेल. उलट बरंच आहे, कारण यंत्राने दिलेला आकडा आपण पटकन मान्य करतो, स्वतः मांडलेल्या आकड्याला मात्र दहा वेळा प्रश्न विचारावा लागतो.

९ डिसेंबर, सोमवार

प्राथमिक आकडे. ८०० नॅनोमीटरचा लेसर धरला, कारण असे बरेच प्रयोग त्याच रंगावर झाले आहेत. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ग्राफीनमध्ये खालचा आणि वरचा असे दोन ऊर्जापट्टे एका बिंदूवर टेकतात, तो डिरॅक बिंदू. तिथून दोन्ही पट्टे शंकूसारखे, सारख्याच उताराने निघतात, म्हणून फोटॉनची ऊर्जा अर्धी-अर्धी वाटली जाते: इलेक्ट्रॉनला ०.७७५ आणि त्याच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेला, म्हणजे होलला, तेवढीच.

ही ऊर्जा टाकायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे अणूंच्या जाळीची कंपनं, अर्थात फोनॉन. ग्राफीनमधल्या ऑप्टिकल फोनॉनची (शेजारचे अणू एकमेकांविरुद्ध हलतात त्या कंपनांची) ऊर्जा दांडगी असते. फोनॉनच्या तरंगसंख्यांचं क्षेत्र षटकोनी असतं; त्याच्या मध्यबिंदूजवळ ०.१९६ आणि कोपऱ्याजवळ साधारण ०.१६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कार्बन हलका आणि त्याचे बंध घट्ट, त्याचा हा परिणाम. ०.७७५ ला ०.१९६ ने भागलं तर चारच्या जवळ येतं. वहीत लिहिलं: "चार पायऱ्या उतरला की इलेक्ट्रॉन तळाला."

१४ डिसेंबर, शनिवार

सोमवारचं ते वाक्य खोडलं. इलेक्ट्रॉन एकटा जिना उतरत नाही. फोनॉन सोडायच्या आधीच तो शेजारच्या इलेक्ट्रॉनांवर आदळतो आणि ऊर्जा वाटून टाकतो. हे काही दहा फेम्टोसेकंदांत उरकतं (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग). त्यानंतर "हा फोटॉनवाला इलेक्ट्रॉन आणि हे बाकीचे" असा फरकच उरत नाही. सगळ्यांचं मिळून एक तापमान होतं आणि जाळी अजून थंडच असते. २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनांची ऊर्जा थेट टिपणाऱ्या प्रयोगांत ही तापलेली मांडणी प्रत्यक्ष दिसली आहे.

मग तापमान किती, हे आज हाताने काढलं. दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोज्यूलची पल्स, म्हणजे लेसरचा क्षणिक झोत, घेतली. ग्राफीनचा एक थर २.३ टक्के प्रकाश शोषतो. म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ९.३ × १०^११ फोटॉन शोषले गेले. तेवढ्याच जागेत कार्बनचे अणू ३.८ × १०^१५. साधारण चार हजार अणूंमागे एक फोटॉन. अगदी विरळ शिंपण.

आता ही सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यातच राहिली असं धरलं. जादा विद्युतभार न घातलेल्या ग्राफीनमध्ये त्यांची साठवलेली ऊर्जा तापमानाच्या घनाप्रमाणे वाढते. इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला १० लाख मीटर धरून सूत्र मांडलं आणि उत्तर आलं जवळजवळ १६०० केल्विन.

मग तीच ऊर्जा अख्ख्या जाळीला वाटून दिली. ग्रॅफाइटची उष्माधारकता घेतली आणि एका थराचं वजन घेतलं, चौरस मीटरला ०.७६ मिलिग्रॅम. जाळी तापते फक्त ४ अंशांनी.

दोन्ही आकडे तीनदा तपासले. एकाच पत्र्यात, एकाच क्षणी इलेक्ट्रॉन १६०० केल्विनवर, आणि हिशेब पूर्ण मिटल्यावर सगळं मिळून चार अंश. इलेक्ट्रॉनांची धारकता इतकी कमी आहे की चिमूटभर ऊर्जेने ते लालभडक होतात. ही उपमासुद्धा नाही: ३० फेम्टोसेकंदांच्या पल्स टाकल्या तर ग्राफीन खरोखर दृश्य प्रकाश सोडतं, टाकलेल्या फोटॉनपेक्षा जास्त ऊर्जेचाही, आणि तो २०१० मध्ये मोजला गेला आहे.

रात्री झोप लागली नाही. १६०० पासून ४ पर्यंतचा रस्ता हाच आता माझा प्रकल्प.

१६ डिसेंबर, सोमवार

मॅडमनी घनाचं सूत्र फळ्यावर पुन्हा करून घेतलं. बरोबर आहे. त्यातून एक गोष्ट आपोआप निघते: तापमान दुप्पट करायचं तर पल्स आठपट हवी. १६०० केल्विन हा वरचा अंदाज आहे, कारण खऱ्या पल्सच्या दरम्यानच थोडी ऊर्जा फोनॉनकडे निघून जाते. तसं आकड्याशेजारी लिहून ठेवलं.

२२ डिसेंबर, रविवार, पलूस

घरी आले आहे. गळीत हंगाम ऐन भरात आहे. बाबांचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन काल दुपारी कारखान्याच्या यार्डात गेला तो आज सकाळीच रिकामा झाला. जेवणाचा डबा द्यायला मी गेले होते. रांग बाहेरच्या रस्त्यापर्यंत. काट्यावर वजन व्हायला दोन मिनिटं लागतात, पण गव्हाण भरलेली असली की काट्याचा काही उपयोग नाही. गाळप ज्या गतीने होतं त्याच गतीने रांग सरकणार. बाबा म्हणाले, "तोड चांगली चाललीय, पण ट्रॉल्या परत आल्याशिवाय टोळी काय करणार? फडातच बसून हाय."

तिथे उभी असताना डोक्यात प्रकल्पच चालू होता. इलेक्ट्रॉन फोनॉनला ऊर्जा किती झपाट्याने देतो हे मी मोजत बसले आहे. म्हणजे मी फडातली कोयत्याची गती मोजते आहे. पण गव्हाण कोण रिकामी करतं? ऑप्टिकल फोनॉनने स्वतःची ऊर्जा पुढे, खालच्या ऊर्जेच्या फोनॉनांना द्यायला हवी. त्याचं आयुष्य साधारण १ ते २ पिकोसेकंद मोजलं गेलं आहे (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद). इलेक्ट्रॉन ते फोनॉन हा व्यवहार मात्र त्याच्या कितीतरी आधी होतो. मग गव्हाण तुंबणारच.

उपमा एका जागी तुटते आणि ते लक्षात ठेवायला हवं. गव्हाणीत पडलेला ऊस परत फडात येत नाही. फोनॉन मात्र आपली ऊर्जा इलेक्ट्रॉनला परत देऊ शकतो, आणि देतोच.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

पहिला कोड चालला. दोन खाती: इलेक्ट्रॉन आणि फोनॉन. फोनॉनचं तापमान ३०० केल्विनवर बांधून ठेवलं होतं, सोय म्हणून. इलेक्ट्रॉन काहीशे फेम्टोसेकंदांतच गार झाले. आलेख दिसायला छान, पण चूक. प्रकल्पातल्या जोडीदाराने मागून बघून विचारलं, "फोनॉनला एवढी ऊर्जा दिली आणि तो ३०० वरच कसा?" माझं रविवारचं टिपण मीच विसरले होते. फोनॉन बांधून ठेवणं म्हणजे गव्हाण कधीच भरत नाही असं मानणं.

तिसरं खातं उघडलं. आता इलेक्ट्रॉन, ऑप्टिकल फोनॉन आणि उरलेली जाळी.

११ जानेवारी, शनिवार

पूर्ण आठवडा एकाच प्रश्नावर गेला. ऑप्टिकल फोनॉनच्या खात्याची धारकता किती घ्यायची?

सगळे ऑप्टिकल फोनॉन धरले तर खातं प्रचंड मोठं होतं आणि ते तापतच नाही. पण इलेक्ट्रॉन सगळ्या फोनॉनांशी बोलू शकत नाही. ऊर्जेबरोबर संवेगाचाही हिशेब जुळावा लागतो. ०.७७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन ०.१९६ चा फोनॉन सोडून त्याच शंकूत खाली येतो, तेव्हा तो जास्तीत जास्त किती संवेग देऊ शकतो? एका टोकावरून निघून थेट समोरच्या टोकाला गेला तर. तरंगसंख्येत हे येतं दर नॅनोमीटरला २.०६. फोनॉनच्या षटकोनी क्षेत्राचा कोपरा मध्यापासून १७ वर आहे.

म्हणजे भल्या मोठ्या षटकोनाच्या मधोमध एक छोटं वर्तुळ. त्याचं क्षेत्रफळ काढलं: पूर्ण षटकोनाच्या १.८ टक्के. कोपऱ्यांपाशी अशीच आणखी दोन वर्तुळं. बाकीच्या सगळ्या ऑप्टिकल फोनॉनांना इलेक्ट्रॉनांच्या तापमानाची खबरही नसते. सगळा भार या मूठभरांवर येतो.

आणि हे वर्तुळ सर्वांत वरच्या, ताज्या इलेक्ट्रॉनचं. ऊर्जा वाटून झाल्यावर, १६०० केल्विनला सरासरी इलेक्ट्रॉनकडे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच उरतात. त्याचं वर्तुळ ०.६१ त्रिज्येचं आणि क्षेत्रफळ ०.१६ टक्के. दोन वर्तुळांत अकरापट फरक. यातलं कोणतं घ्यायचं?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. आजीला तिळगूळ देताना तिने विचारलं, काय करतेस एवढं रात्रभर. म्हटलं, उष्णता कुठे जाते ते बघते. ती म्हणाली, चुलीजवळ बस, कळेल.

२० जानेवारी, सोमवार

दोन्ही वर्तुळं घालून बघितली. आधी वेळ न मोजता फक्त वाटणीच: इलेक्ट्रॉन आणि त्यांचे फोनॉन यांनी ऊर्जा वाटून एकच तापमान गाठलं, तर ते किती?

मोठं वर्तुळ: जवळजवळ ७०० केल्विन. छोटं वर्तुळ: १३६० केल्विन.

पल्स तीच, पदार्थ तोच. फक्त "इलेक्ट्रॉन कुणाकुणाशी बोलू शकतो" हा एक आकडा बदलला आणि उत्तर जवळपास दुप्पट झालं. गार होण्याचा वेळही बदलतो. फोनॉनचं आयुष्य १.२ पिकोसेकंद धरलं तरी एकूण ऊर्जा त्या वेगाने उतरत नाही, कारण इलेक्ट्रॉनांकडे साठलेली ऊर्जा रिकाम्या झालेल्या फोनॉनांत पुन्हा पुन्हा ओतली जाते. मोठ्या वर्तुळात इलेक्ट्रॉनांचा वाटा नगण्य, त्यामुळे सुरुवातीचा काळ १.३ पिकोसेकंद. छोट्या वर्तुळात निम्म्याहून जास्त ऊर्जा इलेक्ट्रॉनांकडेच, आणि काळ २.९ पिकोसेकंद.

म्हणजे प्रयोगात दिसणारा "इलेक्ट्रॉन गार होण्याचा वेळ" हा इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा गुण नाही. तो रांगेतल्या पुढच्याचा वेळ आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनांच्या शिल्लक साठ्याची भर आहे. पोस्टरवर हेच वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरांत जाणार.

(मध्ये दोन दिवस मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि इलेक्ट्रॉन-व्होल्ट यांची गल्लत झाली होती. कोडमध्ये आता प्रत्येक चलाच्या नावातच एकक लिहिते.)

२९ जानेवारी, बुधवार

आज गार होण्याच्या आलेखाच्या शेपटीचा भाग. तापमान उतरत गेलं की ०.१६ चा फोनॉन सोडण्याइतकी ऊर्जा फार थोड्या इलेक्ट्रॉनांकडे उरते. मग उरतात अकॉस्टिक फोनॉन, म्हणजे साध्या ध्वनीच्या लाटा.

इथे ग्राफीन फार कंजूष आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण २० किलोमीटर, इलेक्ट्रॉनचा १००० किलोमीटर. पन्नासपट फरक. त्यामुळे इलेक्ट्रॉन समोरासमोर धडकून पूर्ण उलटा फिरला तरी एका टकरीत आपल्या ऊर्जेच्या ४ टक्क्यांच्या वर देऊच शकत नाही. ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टवाला देणार फार तर ४ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीच्या तापमानाची उष्ण ऊर्जासुद्धा २६ आहे. अशा चिल्लरीने कर्ज फेडायचं तर पिकोसेकंदांऐवजी नॅनोसेकंद लागायला हवेत. प्रयोगात इतकं लागत नाही.

कारण २०१२ मध्ये साँग, रायझर आणि लेविटॉव यांनी मांडलं. नमुन्यात दोष, अशुद्धी असतात. टकरीच्या वेळी संवेगाचा जादा भार दोषाने उचलला तर इलेक्ट्रॉनवरची ४ टक्क्यांची अट सुटते आणि तो कितीतरी मोठा फोनॉन सोडू शकतो. याला सुपरकोलिजन म्हणतात. ऊर्जा सोडण्याचा वेग तापमानाच्या घनाने वाढतो, आणि २०१३ मध्ये दोन वेगळ्या प्रयोगांत ही खूण सापडली.

मला हा भाग वाचून फार आनंद झाला. नमुना जितका स्वच्छ तितकं सगळं चांगलं, असं आपण धरून चालतो. इथे मात्र दोषच इलेक्ट्रॉनला मोकळं करतो. माझ्या कोडमध्ये हे चौथं पद म्हणून घातलं. पहिल्या पिकोसेकंदात त्याचा पत्ताही लागत नाही, पण शेपटीत तेच राज्य करतं.

८ फेब्रुवारी, शनिवार, कोल्हापूर

सकाळच्या एसटीने विद्यापीठात. चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून ३०० नॅनोमीटर ऑक्साइडच्या सिलिकॉन तुकड्यावर ठेवलेले आमचे नमुने रामन यंत्राखाली (लेसर टाकून परतलेल्या प्रकाशातून कंपनं ओळखणारं यंत्र) धरले. २००४ मध्ये मँचेस्टरला गाईम आणि नोव्होसेलोव यांनी हेच केलं होतं, सोलत राहणं. आमचे पहिले पाच तुकडे जाड निघाले. सहाव्यात १५८० प्रति सेंटिमीटरचं 'जी' नावाचं शिखर बुटकं आणि २६८० च्या आसपासचं 'टूडी' नावाचं शिखर एकसंध, त्याच्या दुपटीहून उंच. एकच थर! जोडीदाराने आणि मी यंत्राच्या खोलीतच टाळ्या वाजवल्या.

त्या १५८० च्या शिखराकडे मी बराच वेळ बघत राहिले. ते ०.१९६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच आहे. दोन महिने ज्याचा आकडा कोडमध्ये टाइप करते आहे, तो फोनॉन समोर पडद्यावर होता.

तिथल्या सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. लेसरच्या दुसऱ्या बाजूलाही असंच शिखर असतं, फोनॉनकडून ऊर्जा घेऊन आलेल्या प्रकाशाचं, आणि दोन्ही शिखरांचं गुणोत्तर म्हणजे फोनॉनचा थर्मामीटर. या यंत्रातला फिल्टर ती बाजू कापतो, म्हणून मी हिशेबच केला: खोलीच्या तापमानाला ते दोन हजारात एक, आणि ७०० केल्विनला सव्वीसात एक. छोट्या पल्स वापरून याच थर्मामीटरने तापलेल्या फोनॉनचं आयुष्य मोजलं गेलं आहे. माझे १.२ पिकोसेकंद तिथूनच आलेले आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ग्राफीन षटकोनी बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये ठेवलं तर त्याची उष्णता थेट त्या शेजाऱ्याच्या कंपनांत जाते, असं २०१८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे चौथा रस्ता. माझ्या पोस्टरमध्ये मावणार नाही, एका ओळीत उल्लेख करते.

२३ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी आयर्विन पुलावर फिरायला गेले होते. कृष्णा अगदी शांत. तिथे अचानक दिसलं की मोठ्या वर्तुळाचं माझं ७०० केल्विनचं उत्तर स्वतःशीच भांडतं आहे.

वाटणीसाठी दोघांनी देवाणघेवाण करायला हवी. मोठ्या वर्तुळाच्या काठावरचा फोनॉन परत घ्यायला इलेक्ट्रॉनकडे आधीच निदान ०.५८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असावे लागतात. ७०० केल्विनला असा इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता लाखात साधारण सात. घ्यायला कुणी नाहीच. सुरुवातीला वरच्या इलेक्ट्रॉनांनी काठावर सोडलेले फोनॉन मागे पडतात. ते आपापल्या आयुष्यभर तापलेले राहतात आणि खाली आलेल्या इलेक्ट्रॉनांना ते दिसतही नाहीत. वर्तुळ स्थिर नाही. इलेक्ट्रॉन गार होतील तसं ते आकसतं.

खोलीवर येऊन लगेच वर्तुळाची त्रिज्या तापमानाशी बांधली. सरासरी इलेक्ट्रॉनचं वर्तुळ घेतलं की वाटणीचं तापमान येतं १४२० केल्विनच्या आसपास.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

राष्ट्रीय विज्ञान दिन, रामन परिणामाच्या शोधाची तारीख. पोस्टर लागलं. १६०० आणि ४ हे दोन आकडे मधोमध, त्यांच्यामध्ये तीन खाती आणि आकसणारं वर्तुळ.

दहावीतली एक मुलगी बराच वेळ उभी होती. तिने विचारलं, "ताई, मागे राहिलेल्या फोनॉनांचं काय झालं?" मॅडम आणि मी एकमेकींकडे बघितलं. माझ्या कोडमध्ये वर्तुळ आकसतं तेव्हा बाहेर पडलेल्या फोनॉनांची ऊर्जा मी अजून कुठल्याच खात्यात टाकलेली नव्हती. ती नुसती गायब होत होती. एकूण बेरीज तपासणारी ओळ मी जानेवारीत, वर्तुळ स्थिर असताना लिहिली होती आणि नंतर बंद करून ठेवली होती.

तिला सांगितलं की त्यांच्यासाठी चौथं खातं उघडायला हवं, ते १.२ पिकोसेकंदांनी जाळीत रिकामं होईल. तिने वहीत लिहून घेतलं.

रात्री ११. बेरीज तपासणारी ओळ पुन्हा चालू केली. खातं उघडलं. दर पावलाला एकूण ऊर्जा आता दहाव्या दशांशापर्यंत जुळते. सकाळपर्यंत पूर्ण रन होईल.